दीड लिटर

पिरनवाडीच्या वळणावर दस्तगीरचं दुकान.
पाटी कानडीत, शिव्या मराठीत,
हिशेब तो उर्दूत पुटपुटतो,
टायरवरचे आकडे मात्र इंग्रजी, ते सगळ्यांनाच वाचता येतात.

रुपया उभा करून त्यानं खाचेत घातला.
रुपया बुडाला नाही.
"मागचे दोन्ही गेले की रे.
परत रिमोल्ड घालतोस काय? स्वस्त.
का हे रेडियल? सरळ रेघांचे.
महाग, पण कमी पितात."
टायर पितो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.
मला वाटायचं, पितं ते इंजिन,
आणि रविवारी भरमू.

उचगावची रताळी, वीस पोती,
रात्री दोनला निघायचं,
जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा घाट उतरून
पहाटे म्हापशाच्या बाजारात.
जाऊन येऊन दोनशे वीस.
सुमित्रा वही ठेवते, दुधाच्या हिशेबाचीच,
मागून उलटी धरून:
वीस लिटर. वीस.
साडेवीस, जांबोटीला रस्ता खणलेला.
वीस.

जुन्या टायरला ठोकळे होते ट्रॅक्टरसारखे.
गाडी बांधापर्यंत जायला पाहिजे म्हणून
मीच हौसेनं घातलेले.
बांधापर्यंत शंभर पावलं,
डांबरावर दोनशे वीस किलोमीटर.
त्या शंभर पावलांसाठी
रातभर गुरगुरत जायचे.

दस्तगीरनं समजावलं,
हातात गोळा असल्यासारखं:
"रबर रस्त्याला टेकलं की दबतं,
उचललं की फुगतं. दबतं, फुगतं.
कणीक मळत जातोस तू, बेळगावपासून गोव्यापर्यंत.
आणि हवा? कधी मोजलीस?"
नाही मोजली. लाथ मारून बघायचो.
टणक लागलं की बास.

नवे घातले. हवा मोजून भरली.
पहिल्या रात्री गाडी इतकी गप
की भरमूनं दोनदा विचारलं, चालू आहे न्हवं?
पोत्यात रताळी सरकतात ते ऐकू आलं.
माझ्या डाव्या गुडघ्यातला एक आवाज,
कधीपासून असेल कोण जाणे.
बैलूर फाट्यापुढं पाय काढला
तर गाडी आपली आपण
पुढं,
अजून पुढं,
मीच घाबरून ब्रेकवर पाय ठेवला.

कणकुंबीला चहाला थांबतो.
थंडीत तिथं धुकं टपरीच्या आत येऊन बसतं.
चहा उकळेपर्यंत भरमूची एक सवय,
उकिडवं बसायचं
आणि मागच्या टायरला दोन्ही तळवे लावायचे.
मी पण लावायचो.
चार तळवे, एक टायर,
बोलायचं काही नाही.
नऊ वर्षं.

परवा तो बसला, हात लावले,
आणि माझ्याकडं बघितलं,
आजाऱ्याच्या कपाळावरनं हात काढून
ताप उतरला म्हणून सांगावं तसं,
पण तोंड पडलेलं.
"थंड पडलंय की."
मी लावून बघितला. कोमट.
तेव्हा कळलं ते दीड लिटर कुठं जायचं.
सगळं काही आमच्या तळव्यांत नाही,
बरंचसं घाटाला, झाडांना,
पाठोपाठ येणाऱ्या धुक्याला.
पण थोडं आमच्या तळव्यांत.

वहीत आता साडेअठरा.
सुमित्रानं खाली दोन रेघा ओढल्यात,
पोराचे मार्क असल्यासारख्या.
तिला सांगितलं नाही
की वाचल्यातले वीस रुपये
कणकुंबीलाच राहतात, दुसऱ्या चहाचे.
भरमू तो लगेच पीत नाही.
ग्लास दोन्ही हातांत धरून
बसतो मात्र तिथंच,
चाकाजवळ,
टायरला पाठ लावून.